कोपरा वितळलेली कॅसेट

त्यांना सगळे कानराव म्हणायचे. खरं नाव त्या खोलीत कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपण होऊन सांगितलंही नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं नाव लाइटबिलावर असतं. हे नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं.

खोली टायपिंगच्या क्लासची. खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान, बाजूनं लाकडी जिना, वर लांबट खोली. अरुंद टेबलांच्या तीन रांगा, आणि प्रत्येक टेबलावर चार-चार भोकं, पूर्वी तिथं टाइपरायटर पक्के बसवलेले होते त्यांची. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी क्लासला सुट्टी असायची आणि टायपिंगच्या बाई ती खोली या मंडळींना द्यायच्या. देऊन घरी जायच्या असं नाही. शेवटच्या टेबलाशी बसून सगळ्यांवर नजर ठेवायच्या आणि कुणी चहाचा कप यंत्राजवळ नेला की नुसता घसा खाकरायच्या.

पंधरा-सोळा माणसं यायची, बहुतेक साठीच्या अल्याडपल्याडची. जुन्या टॉवेलांत, उशीच्या अभ्र्यांत गुंडाळून प्रत्येकजण एकच चीज आणायचा: चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक. वहीएवढा, काळा, वर खोडरबरासारख्या मऊ कळा. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि त्यात प्रोग्राम भरायचा तो गाण्यांच्या साध्या कॅसेटवरून. टेपरेकॉर्डर सुरू केला की आधी एक लांब शीळ, मग किर्र-किर्र असा कानाला नकोसा गोंगाट, आणि पाच मिनिटांनी, नशीब असेल तर, पडद्यावर खेळ. मंडळी या यंत्राला लाडानं चपटी म्हणत. त्यावरून कानरावांची बायको दर महिन्याला तेच बोलायची, "दोन दिवस चपटी घेऊन बसतात, तेही दिवसाढवळ्या. शेजारची विचारते, मी काय सांगू तिला?"

आता कानरावांचं काम काय, ते सांगायला हवं. लोकांच्या माळ्यांवरून जुन्या कॅसेट निघायच्या. कशावर चिठ्ठी असायची, कशावर नसायची. आत काही उरलंय की सगळं पुसून गेलंय हे कळायला मार्ग नाही. मग ती कॅसेट खिडकीजवळच्या टेबलावर कानरावांकडे जायची. ते टेपरेकॉर्डरला एक जुनं इअरफोन जोडायचे, एकाच कानात घालायचं. ते जोडलं की टेपरेकॉर्डरचा बाहेरचा आवाज बंद, ऐकू येणार ते फक्त त्यांना. कानराव डोळे मिटायचे. खोली गप्प व्हायची. पंख्याचा आवाज नको म्हणून कुणीतरी उठून पंखाही बंद करायचं. आणि मग निकाल. "आहे" म्हणजे आहे. "डोकं वाकडं" म्हणजे टेपरेकॉर्डरचं हेड तिरकं झालंय, स्क्रू फिरवा. आणि "नाही" म्हणजे कोरी. कोरी निघालेल्या कॅसेटवरची चिठ्ठी खरवडून काढायची आणि ती पत्र्याच्या डब्यात टाकायची. नव्या कॅसेट आता मिळतात कुठं? ज्याला आपला प्रोग्राम भरून ठेवायचा असेल त्यानं डब्यातली उचलावी, असा रिवाज होता.

ही विद्या कानरावांना कुणी शिकवली नव्हती. तरुणपणी ते विजेच्या वस्तूंच्या एका दुकानात मागच्या बाजूला बसून रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. मालकानं कुठूनसे हे संगणक विकायला आणले आणि आठवड्याभरात गिऱ्हाईकं परत येऊ लागली: चालत नाही, चालत नाही. मालक म्हणाला, "बघ रे, तुझ्याच खात्यातलं आहे." प्रोग्राम कशाशी खातात हे कानरावांना तेव्हा ठाऊक नव्हतं, आताही फारसं नव्हतं. पण टेप कळत होती. दिवसाचे आठ तास ते तो गोंगाट ऐकत बसले आणि सहा महिन्यांत त्यांना तो वाचता यायला लागला. इथं चित्र सुरू झालं, इथं टेपला चुणी पडलीय, इथं दुसऱ्या मशीनवर भरलेलं आहे. कॉलेजातली पोरं आणि त्यांचे प्राध्यापक दुकानाच्या मागच्या दारानं येऊन त्यांच्या स्टुलासमोर उभे राहायचे.

पुढं ते यंत्र गेलं, दुकान गेलं. कानरावांनी मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करून संसार ओढला. आणि पाच वर्षांपूर्वी दाताला सुन्न करायचं इंजेक्शन हातात धरून एक दंतवैद्य त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तुम्ही ते शीळ ऐकून सांगणारे ना हो? मी कॉलेजात असताना तुमच्याकडे आलोय!" कानरावांना तोंड उघडं असल्यामुळे हो म्हणता आलं नाही. त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून तो लाकडी जिना चढवला. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसासाठी डॉक्टर, इंजिनिअर उठून खुर्ची पुढं करू लागले. कानराव त्या दिवशी घरी जाऊन बायकोला काही बोलले नाहीत, पण जेवताना उगाच हसत होते.

आणि मग कान गेला.

एकदम नाही गेला. दोन वर्षांपूर्वी दाराची बेल वाजेनाशी झाली. बेल ठीक होती, हे बायकोनं तीनदा बाहेर उभी राहून सिद्ध केलं. तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी एक कागद दाखवला. त्यावरची रेघ उजवीकडे जिना उतरावा तशी खाली खाली गेली होती. "बोलणं येईल तुम्हाला ऐकू, काका. वरचे बारीक सूर गेलेत. मशीन लावा, बरं पडेल." कानरावांनी कागदाची चौघडी घातली आणि रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हच्या खोक्याखाली ठेवून दिली. मशीन लावायचं? कानात मशीन घालून कानराव म्हणून कुठल्या तोंडानं बसायचं?

त्यांनी वाट काढली. क्लासमधल्या टेपरेकॉर्डरवर एक छोटी काच होती आणि काचेआड एक सुई. टेपवर आवाज असला की सुई थरथरायची. कानराव डोळे मिटायचे ते पूर्ण नाही. पापण्यांच्या फटीतून सुई दिसायची. सुई हलली, "आहे." सुई मेली, "नाही." दोन वर्षं खोलीनं श्वास रोखून त्यांचा निकाल ऐकला आणि दोन वर्षं तो निकाल सुईनं दिला. दर वेळी पंखा पुन्हा सुरू झाला की त्यांना मानेवर घाम जाणवायचा.

त्या शनिवारी साडेअकराच्या सुमाराला दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या आतबाहेर, पाठ ताठ, गळ्यात मोजपट्टी. घाईत काढायची राहून गेली असावी.

"जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचं मंडळ ते हेच का?"

"मंडळ म्हणा, वेड्यांचा दवाखाना म्हणा," डॉक्टर म्हणाले. "या ताई, बसा."

ताईंनी पिशवीतून अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं यंत्र काढलं. कळांवरची अक्षरं अगदी ठळक होती, फारशी न झिजलेली.

"माझ्या धाकट्या भावाचं. वर्षभर अंथरुणावर होता. पोटावर उशी, उशीवर हे. मी बाजूच्या खोलीत शिवत बसायचे. एकदा म्हणाला, ताई, तुझ्या कामाचं काहीतरी केलंय, हातातलं संपलं की ये. मी म्हटलं, थांब रे, चार बाह्या जोडते आणि येते." त्यांनी अस्तराची घडी घातली. "त्या दिवशी काम होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. तिथून तो परत आला नाही."

ताईंनी एक कॅसेट टेबलावर ठेवली. तिचा एक कोपरा मेणासारखा वितळून आत वळला होता. "इस्त्रीजवळ ठेवली होती मी, माझाच वेंधळेपणा. पण टेपला काही झालेलं नाही." वरच्या चिठ्ठीवर हिरव्या शाईनं लिहिलं होतं, "ताईसाठी".

"अडतीस वर्षं झाली," ताई म्हणाल्या. "त्यानं काय केलं होतं एवढंच बघायचंय."

"एकदम योग्य ठिकाणी आलात," टायपिंगच्या बाई म्हणाल्या. "कानराव!"

कानरावांनी कॅसेट घेतली. नेहमीच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा गेल्या महिन्यात तुटला होता. टेबलावर डॉक्टरांनी घरून आणलेला दुसरा होता, गुळगुळीत तोंडाचा. त्याला सुई नव्हती.

एवढंच म्हणायचं होतं, "पट्टा बदलून घेतो, पुढच्या महिन्यात या." कुणी काही म्हटलं नसतं. पण पंखा बंद झाला होता. सोळा माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि ताई हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या बसल्या होत्या. कानरावांनी इअरफोन कानात घातलं. डोळे मिटले, या वेळी खरोखरच. कॅसेट फिरत होती हे बोटांना कळत होतं. कानात काही नव्हतं, कोऱ्या टेपची खरखरसुद्धा. ती ऐकू येणं त्यांना कधीच बंद झालं होतं.

त्यांनी टेप थोडी पुढं नेली, पुन्हा ऐकल्यासारखं केलं. मग डोळे उघडून, आवाजात जमेल तेवढी हळहळ आणून ते म्हणाले, "नाही."

ताईंनी मान हलवली. "म्हणजे करायचं म्हणाला आणि झालंच नाही त्याच्याकडून," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आजारीच होता ना." मग कॅसेटकडे न बघता उठल्या. "राहू दे ती. तुमच्या कुणाच्या कामी येईल. यंत्र मात्र उद्या चारला येऊन नेते."

त्यांच्या पाठीमागं कानरावांनी अंगठ्याच्या नखानं हिरव्या शाईची चिठ्ठी खरवडली आणि कॅसेट डब्यात टाकली. सवयीचा हात, दहा सेकंदांत झालं.

रविवारी सकाळी डॉक्टर उत्साहात होते. दात घासणाऱ्या सुसरीचा त्यांचा खेळ अखेर पुरा झाला होता. डब्यातून हाताला येईल ती कॅसेट काढून त्यांनी तो भरला. मंडळातला बँकवाला, म्हणजे जन्मभर बँकेच्या संगणक खात्यात काढलेला सडसडीत गृहस्थ, प्रत्येक नव्या कॅसेटची नक्कल आपल्या लॅपटॉपवर उतरवून ठेवायचा. त्यानं टेप मागं फिरवून लावली, स्पीकर चालू ठेवला, आणि सगळे डॉक्टरांच्या पाठीवर थापा मारू लागले.

कानराव खिडकीशी बसून बिस्किट बुडवत होते. अडीच मिनिटांनी डॉक्टरांचा खेळ संपला असावा, कारण बँकवाल्यानं बंद करायला हात पुढं केला, आणि तो हात तसाच थांबला. मग एकेक मान लॅपटॉपकडे वळली. टायपिंगच्या बाईंनी कान टवकारले. कुणी हसायचं थांबलं. भरल्या खोलीत काहीतरी वाजत होतं आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं, एकट्या कानरावांना सोडून.

"काय हो हे?" बँकवाला म्हणाला. "तुमच्या खेळामागून अजून काहीतरी आहे. बारीक आहे, पण स्पष्ट आहे. आणि बंद झालं."

"माझंच जुनं असेल," डॉक्टर म्हणाले. "मी घरून आणलेली एक टाकली होती डब्यात."

बँकवाल्यानं कॅसेट बाहेर काढून टेबलावर ठेवली. कानरावांनी बघितलं. कोपरा वितळलेला होता.

हातातलं बिस्किट चहात विरघळून तळाला गेलं. ते उठले, कुणाचं लक्ष नाही असं बघून कॅसेट शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "जरा घरी जाऊन येतो."

बायको कपडे वाळत घालत होती. कानरावांनी दुरुस्तीच्या टेबलावरचा टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट लावली, अंदाजानं पुढं नेली आणि आवाज पूर्ण मोठा केला.

"इकडे ये. काय ऐकू येतंय?"

"आज काय बायकोची परीक्षा?" ती ओले हात पुसत आली. कान दिला. "रातकिडा ओरडतोय तसं काहीतरी. बारीक. हं, थांबलं." मग तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्हाला नाही येत?"

त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला.

"बेल येत नाही, दूध उतू गेलेलं कळत नाही, आणि तिथं जाऊन सगळ्यांच्या कॅसेट ऐकता? दोन वर्षं मी विचार करतेय, हे करतात तरी काय!"

कानरावांनी खाली बघत सगळं सांगितलं. सुई, बिनसुईचा टेपरेकॉर्डर, चार बाह्या, हिरवी चिठ्ठी. बायकोचा टोमण्यांचा सूर मध्येच कुठंतरी गळून पडला. ती खुर्ची ओढून बसली.

"सांगून टाका तिला."

"मग मी तिथं कोण उरलो? मला प्रोग्राम लिहिता येत नाही, इंग्रजी धड वाचता येत नाही. कान होता म्हणून खुर्ची होती."

"आणि त्या बाईला काय वाटत असेल, कालपासून? की भाऊ नुसतं बोलला." ती उठली. "तुमच्या खुर्चीसाठी तिनं ते जन्मभर धरून बसायचं?"

कानराव पावणेचारला परत जिना चढले. कॅसेट खिशात होती आणि पायऱ्या नेहमीपेक्षा जास्त वाटत होत्या. चारला पाच कमी असताना ताई आल्या. आज मोजपट्टी नव्हती. त्यांनी यंत्र अस्तरात गुंडाळलं, आणि मग जरा ओशाळून म्हणाल्या, "एक मागू? ती कॅसेट परत द्याल? कोरी असली तरी वरची अक्षरं त्याच्या हातची आहेत. काल उगाच टाकून गेले."

"अहो, मागायचं काय त्यात!" टायपिंगच्या बाईंनी डबा टेबलावर उपडा केला. "कशी होती?"

"कोपरा वितळलेली."

सगळे शोधू लागले. पस्तीस-चाळीस कॅसेट टेबलभर पसरल्या. कानरावही वाकून शोधू लागले. होय, शोधू लागले. खिशावर हात ठेवून, चष्मा सावरत, कॅसेट उलटसुलट करत. आणि चार मिनिटांनी, टेबलाच्या कडेशी पाठ वळवून त्यांनी खिशातली कॅसेट ढिगात सरकवली आणि म्हणाले, "ही बघा. सापडली."

डॉक्टरांनी ती बघितली आणि मटकन खुर्चीत बसले. "अरे देवा. यावर तर सकाळी मी खेळ भरला."

"चिठ्ठी कुठंय?" ताईंनी विचारलं.

चिठ्ठी केराच्या टोपलीत गेली होती आणि केर सकाळीच खाली गेला होता.

"मग ते मागून वाजत होतं ते?" बँकवाला हळूच म्हणाला. त्यानं लॅपटॉप उघडला, काहीतरी दाबलं, बराच वेळ खाली-वर केलं. "सुरुवात नाही, म्हणून मशीन हे घेणार नाही. पण अक्षरं काढता येतात. थांबा." आणि पडद्यावर कचऱ्यासारख्या खुणांमधून ओळी निघाल्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी शब्द. त्यानं एकेक वाचून दाखवली.

"सहाशे दहा. बाही किती लांब. सहाशे वीस. एवढं कापड लागेल. सहाशे तीस. उरलेल्या कापडाचं स्वतःला काहीतरी शिव. सहाशे चाळीस. संपलं."

ताईंचा हात गळ्याकडे गेला, नसलेल्या मोजपट्टीकडे.

"मापं घातली की कापड सांगणारं," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा नेहमी चुकायचे. जास्त आणायचे." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे सहाशे दहा म्हणजे?"

"ओळींचे नंबर. दहा-दहाच्या टप्प्यानं देतात."

जन्मभर मापांत गेलेल्या बाईला हिशेबाला कितीसा वेळ? "म्हणजे आधीच्या साठ ओळी गेल्या."

डॉक्टर उठले. त्यांनी हात जोडले. "ताई, माझी चूक. मी भरण्याआधी स्वतः ऐकायला हवं होतं. कसं तोंड दाखवू तुम्हाला."

"पण कोरी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

डॉक्टरांनी कानरावांकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. "डब्यात होती," एवढंच म्हणाले.

"टेपरेकॉर्डर बदललेला होता ना काल," बँकवाल्यानं हात पुढं करावा तसं कारण पुढं केलं. "त्याचाच आवाज दबका असेल. हो ना, कानराव?"

"हो," कानराव म्हणाले. "दबकाच आहे तो."

"असेल," डॉक्टरांनी मान खाली घातली. "जुनाच आहे माझा."

एवढं होऊन गेलं. आणखी दोन मिनिटं गप्प राहिलं असतं तर निभावून गेलं असतं. ताईंनी डोळे पुसले, खुर्ची कानरावांच्या टेबलाशी ओढली आणि इअरफोन उचलून स्वतः त्यांच्या हातात ठेवलं.

"तुम्ही पुन्हा एकदा ऐका ना. नीट, शांतपणे. पुढं कुठं अजून काही असेल. सगळे म्हणतात तुमच्यासारखा कान नाही."

कुणीतरी उठून पंखा बंद केला.

कानरावांनी इअरफोन कानात घातलं. कॅसेट फिरू लागली. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, कालच्यासारख्याच, तेवढ्याच विश्वासानं. कानात काही नव्हतं. सगळी खोली वाट बघत होती आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, जमीन फाटून आत गेलो तर बरं. त्यांनी इअरफोन काढलं.

"मला ऐकू येत नाही."

"आवाज वाढवू का?" डॉक्टर म्हणाले.

"मला. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. सुईकडे बघून सांगायचो. काल सुई नव्हती आणि मी नाही म्हणून सांगितलं." त्यांचा आवाज आपोआप चढला होता, कमी ऐकणाऱ्यांचा चढतो तसा. "डॉक्टरांचा टेपरेकॉर्डर चांगला आहे. चिठ्ठीसुद्धा मीच काढली. सकाळी कोपरा बघितला तेव्हाच मला कळलं होतं. कॅसेट आत्ता डब्यात नव्हती, माझ्या खिशात होती."

बँकवाल्याची नजर टेबलावर पसरलेल्या चाळीस कॅसेटवर गेली, मग बाकीच्यांचीही गेली. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता आणि कुणी तो विचारला नाही. टायपिंगच्या बाईंनी सगळ्या कॅसेट परत डब्यात भरल्या आणि झाकण घट्ट लावलं. इअरफोन टेबलाच्या कडेवरून लोंबत होतं.

ताई बराच वेळ कॅसेटचा वितळलेला कोपरा बोटानं चाचपत बसल्या. रागावल्या असत्या तर कानरावांना बरं वाटलं असतं.

"बाई, एखादी चिठ्ठी आहे का?" त्या शेवटी म्हणाल्या.

टायपिंगच्या बाईंनी एक पांढरी चिठ्ठी आणि पेन दिलं. ताईंनी चिठ्ठी कॅसेटवर चिकटवली, अंगठ्यानं दाबून सारखी केली, कापडाची दुमड दाबावी तशी, आणि कॅसेट कानरावांसमोर ठेवली.

"लिहा."

"काय लिहू?"

"होतं ते. आणि झालं ते. माझ्यामागं कुणी उघडून बघितली तर त्याला कळू दे की माझ्या भावानं काम पुरं केलं होतं."

चिठ्ठी बोटभर. त्यांनी आधी लिहिलं, "ताईसाठी". मग त्याखाली, बारीक अक्षरांत, "पूर्ण केलेला प्रोग्राम. पहिल्या साठ ओळी माझ्या हातून गेल्या." इथं ते थांबले. माझ्या म्हणजे कुणाच्या? कानराव असं लिहिणं आता शक्य नव्हतं. त्यांनी लाइटबिलावर असतं ते नाव लिहिलं, आडनावासकट, शाळेत लिहीत तसं सुटंसुटं.

ताईंनी कॅसेट उचलली, डोळ्यांपासून लांब धरली आणि वाचली. शेवटी आल्यावर त्यांचे ओठ हलले. त्या खोलीत ते नाव पहिल्यांदाच कुणीतरी घेत होतं, आणि इतकं हळू की कानरावांना ते ओठांवरच दिसलं.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली, उजवा कान ताईंकडे केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्हा म्हणा. मला ऐकू आलं नाही."